चालू दिवा बंद करण्याबाबत

त्या दिवशी सकाळी आप्पा शेवंतीला बोलत होते. माझ्या वडिलांची शिवी 'नालायक'च्या पुढे कधी गेली नाही, आणि तीही ते समोरच्याला अहोजाहो करून देत.

"नालायक आहात तुम्ही सगळ्या," ते ओळीनं मांडलेल्या कुंड्यांना म्हणत होते. "पाणी घेता, खत घेता आणि नुसत्या फोफावता. लाज नाही वाटत?"

जानेवारीचे दिवस होते. खालापुरात थंडी पडते म्हणजे कपाटातून स्वेटर काढण्याइतकी पडते. घालण्याइतकी पडत नाही. तरी शेवंतीला तेवढी पुरायला हवी होती. कुंपणापलीकडे गंगाबाई भांडी घासत होत्या. त्या आमच्या शेजारीण आणि आप्पांच्या बागेच्या कायमच्या परीक्षक.

"जगदीशभाऊ, पाला झकास झालाय," त्या म्हणाल्या. "भाजी करा."

"ही शेवंती आहे, गंगाबाई. मेथी नाही."

"फूल नाय त्याला शेवंती काय न मेथी काय!"

बोलणं खोटं नव्हतं. मोहोपाड्याला कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो तेव्हा मागच्या गॅलरीत हीच शेवंती दर थंडीत फुलायची. निवृत्त होऊन आप्पांनी इथे घर बांधलं, काही वर्षांनी त्याच झाडांची रोपं आणून लावली, आणि तेव्हापासून पानं सोडून काही नाही. आप्पांनी आळीपाळीनं मातीला, बोअरच्या पाण्याला, टोलनाक्याच्या धुराला आणि गंगाबाईंच्या नजरेला दोष देऊन पाहिला होता. नजरेचं ते गमतीनं म्हणत. ते पक्के बुद्धिवादी होते. आमच्याकडे बुद्धवंदनेत फुलाची एक गाथा आहे. फूल कोमेजतं, तसंच हे शरीर, असं त्यात सांगितलेलं आहे. आप्पा म्हणत, "कोमेजण्याचं नंतर बघू. आधी उमलायला तर सांगा तिला."

मग त्यांनी हात धुतले, भाकरी खाल्ली, आमटीत मीठ कमी आहे असं आईला सांगितलं, ते नाही असं आईनं त्यांना सांगितलं, आणि पेपर उघडता उघडता ते मला म्हणाले, "पुढच्या थंडीत बघ तू. फूल दाखवतोच." मी पुस्तकातून मान वर न करता "हं" म्हणाले. एवढंच. दिवस असा होता की कुणी विचारलं असतं तर त्यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पांच्या छातीत कळ आली आणि दुपारी आमच्या अंगणात चपला मावेनात. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. ही शेवंतीची गोष्ट आहे आणि तिच्यात हसण्यासारखं बरंच आहे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आप्पांचा फोटो बाहेरच्या खोलीत लागला, आणि मी अंगणात येऊन पाहते तर त्या नालायक बायका तशाच हिरव्यागार उभ्या. तेव्हाच मी ठरवलं आणि आईला जाहीर सांगितलं, "वर्षानं स्मृतिदिनाला आप्पांच्या फोटोपुढे याच कुंडीतलं फूल ठेवायचं. विकतचं नाही."

"तुला पुदिना तरी लावता येतो का?" आईनं विचारलं.

प्रश्न बोचरा होता. मी खोपोलीला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. वाचणाऱ्या माणसाची अशी समजूत असते की, ज्या विषयावर पुस्तक आहे तो विषय आपल्याला येतो. फक्त ते पुस्तक अजून वाचायचं राहिलंय. मी बागकामावरची जाड जाड पुस्तकं घरी आणली. बहुतेक पुस्तकं थंड हवेच्या डोंगरांवर राहणाऱ्या लोकांनी लिहिलेली होती. 'उन्हाळ्यात दुपारी बागेत बसण्याची मजा घ्यावी,' असं एकात होतं. मी एप्रिलमध्ये घेऊन पाहिली. चपलेचा तळ फरशीला चिकटला.

आमच्याकडे ऊन डोंगरावर आपटून परत येतं, म्हणजे एकाच दिवसात दोनदा लागतं. शेवंती सकाळी ताठ, दुपारी पडलेली, संध्याकाळी पुन्हा ताठ. पुस्तकात म्हटलं होतं, कुंड्या सावलीत हलवाव्यात. सावली कोणत्या बाजूला असते हे पुस्तकात नव्हतं, कारण ती एका बाजूला राहत नाही. सकाळी मी कुंड्या घराच्या पश्चिमेला नेई, दुपारी आई त्या पूर्वेला आणी. सूर्य आमच्या घराभोवती फिरतो हे त्या उन्हाळ्यात आम्ही कंबरेनं सिद्ध केलं.

"लग्नानंतर तुझ्या आप्पांनी मला फिरायला म्हणून कुठं नेलं नाही," आई म्हणाली. "ती हौस तू फेडलीस."

मग पानांखाली बारीक लाल किडे दिसू लागले. पुस्तक कडुनिंबाचं तेल म्हणालं. गंगाबाई कोळंबीचं पाणी म्हणाल्या.

"कोळंबी धुतलेलं पानी घाल गं. साली पन टाक मुळाशी. झाड कसं तटतटून उठंल."

"किड्यांचं काय?"

"झाडात जीव आला का किडा जातो. मानसाचं तसंच हाय."

मी दोन्ही उपाय केले. शास्त्र आणि शेजार या दोघांनाही दुखवू नये, असं माझं धोरण. किडा गेला की नाही हे कळायच्या आत सगळ्या आळीची मांजरं आली. त्यांनी कुंड्या उकरल्या, साली खाल्ल्या आणि कृतज्ञता म्हणून मागे जे ठेवून गेली ते गंगाबाईंच्या मते उत्तम खत होतं. आईनं त्या दिवशी दोन्ही वेळा दार लावून जेवण केलं.

जूनमध्ये प्रश्न उलटा झाला. ज्याला इथे पाऊस म्हणतात तो बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं कठीण आहे. तो पडत नाही, राहायला येतो. शेवंतीच्या मुळाशी पाणी साचलं की ती कुजते, असं सगळ्या पुस्तकांनी एकमुखानं सांगितलं होतं. तेव्हा छप्पर हवं. बांबू मिळाले. वर घालायला गंगाबाईंनी फ्लेक्स दिला.

आमच्या भागात फ्लेक्स हे बांधकामाचं सामान आहे. वाढदिवस होतात, निवडणुका होतात, आणि मग ती माणसं हात जोडून कुणाच्या पेंढ्यावर, कुणाच्या कोंबड्यांवर, कुणाच्या न्हाणीवर वर्षानुवर्षं सेवा देत राहतात. मला मिळालेला फ्लेक्स एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा होता. त्याची गुळगुळीत बाजू वर ठेवली तर पाणी घरंगळेल, असा मी विचार केला. विचार बरोबर होता. फक्त गुळगुळीत बाजूवर भावी नगरसेवक होते.

वरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला आमच्या अंगणातून ते नमस्कार करू लागले. आठवडा झाला नाही तोच त्यांची माणसं पेढे घेऊन आली. "ताई, न सांगता एवढं केलंत!" मी पेढे परत करायच्या आत आईनं डबा घेतलेला होता. दुसऱ्या दिवशी विरुद्ध पक्षाची माणसं आली. त्यांनी चहा घेतला, साखर पुन्हा मागितली आणि खेदानं म्हणाली, "आप्पांनी कधी कुणाचा बॅनर लावला नव्हता हो."

हे मनाला लागलं. त्याच संध्याकाळी मी छप्पर उलटं केलं. आता भावी नगरसेवक खाली तोंड करून हसत होते आणि कुंड्यांची माती पाहायला वाकलं की पाठीमागून मला हात जोडत होते. माणसाला इतक्या आदराची सवय नसते. त्यातच खरबरीत बाजू वर आल्यानं पाणी साचू लागलं. त्यांचं पोट रोज थोडं खाली येत गेलं. आम्ही खालून झाडूच्या दांड्यानं ते ढोसून रिकामं करत होतो. पण एकदा पावसानं सलग कहर केला आणि आम्ही जेवत असताना बाहेर मोठा आवाज झाला. भावी नगरसेवक बांबूंसकट शेवंतीवर झोपले होते.

निम्म्या कुंड्या फुटल्या. उरलेल्या आम्ही घरात घेतल्या आणि पाऊस संपेपर्यंत आमच्या बाहेरच्या खोलीत माणसं उभी राहून आणि झाडं बसून राहिली. ऑगस्टमध्ये पुस्तकानं शेंडे खुडायला सांगितलं. जे वर वाढतंय ते खुडायचं, म्हणजे झाड चारी बाजूंनी वाढतं. हे तत्त्वज्ञान मला त्या वर्षी मुळीच पटत नव्हतं. पण खुडले.

ऑक्टोबरात झाडं पुन्हा अंगणात आली. इतकी देखणी, की गंगाबाईंनी भाजीची सूचना नव्यानं मांडली. कळीचा मात्र पत्ता नाही. मी हट्टानं पुन्हा पुस्तकं काढली आणि एका पुस्तकाच्या शेवटी, कुणी वाचणार नाही अशा बारीक अक्षरात, मला उत्तर सापडलं. शेवंतीला फूल थंडीनं येत नाही. अंधारानं येतं. रात्र मोठी झाली, काळोख अखंड मिळाला, तरच तिला कळतं की कळी धरायची वेळ झाली. मध्ये उजेड पडला तर तिला वाटतं अजून उन्हाळाच आहे, आणि ती पानं काढत बसते.

मी पुस्तक घेऊन बाहेर आले. संध्याकाळ होत होती. बरोबर आमच्या फाटकासमोर, खांबावरचा दिवा लागला. पांढराशुभ्र, प्रचंड. कुंडीतलं प्रत्येक पान मोजता येईल असा.

त्या दिव्याला सगळी आळी 'जगदीशभाऊंचा दिवा' म्हणते. घर बांधलं तेव्हा आळीत मिट्ट काळोख असायचा, पावसात घोणस निघायची. आप्पांनी कचेरीत खेटे घातले, अर्ज केले, स्मरणपत्रं दिली, साहेब बदलले की पहिल्यापासून सुरू केलं, आणि शेवटी तो दिवा आणलाच. तो पेटला त्या संध्याकाळी आळीनं आप्पांना शाल दिली होती. शेवंतीची रोपं आली ती त्यानंतर. आणि त्याच दिव्याखाली ते दर थंडीत उभे राहून विचारत होते, "लाज नाही वाटत?"

मी फाटकाला धरून इतकी हसले की आई बाहेर आली. तिला सांगितलं. तीही हसली. मग दोघींनी वर दिव्याकडे पाहिलं, आणि पुन्हा हसलो.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले. कोणत्या, ते लिहीत नाही. आमचं पाणी अजून त्यांच्याच हातात आहे. खिडकीशी ओमकार नावाचा तरुण कारकून होता. चेहरा सज्जन.

"आमच्या आळीतला दिवा बंद करायचा आहे," मी म्हणाले.

"बंद पडलाय, असं म्हणा."

"नाही. चालू आहे. तो बंद करायचा आहे."

त्यानं पेन खाली ठेवलं. "ताई, मी लागल्यापासून लोक येतात ते दिवा लागत नाही म्हणून. लागतोय म्हणून तुम्हीच पहिल्या. कारण काय टाकू?"

"झाडांना झोप मिळत नाही."

ओमकारनं मागे वळून साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, जणू ही वेळ येणार हे ओळखूनच ते रजेवर गेले होते. मग त्यानं विषय लिहिला, 'चालू दिवा बंद करण्याबाबत', आणि जुनं दप्तर शोधायला गेला. परत आला तो मान हलवतच.

"हा दिवा जगदीश म्हणून कुणी आहेत, त्यांच्या अर्जावर बसलाय. त्यांच्या सहीशिवाय नाही काढता येणार. ज्यानं मागितला त्यानंच नको म्हणायला पाहिजे. नाहीतर उद्या कुणीही येईल आणि कुणाचाही दिवा बंद करून जाईल."

यात चुकीचं काही नव्हतं. त्यामुळे मला जास्त राग आला.

"ते माझे वडील."

"मग तर सोपं. घेऊन या त्यांना."

"बाहेर गेलेत."

"कधी येतील?"

"सांगितलं नाही."

"फोन लावा ना."

"फोन घरीच ठेवून गेलेत."

"वडीलमाणसं अशीच," ओमकार कळवळून म्हणाला. "आमचेही तसेच." मग त्यानं आवाज खाली आणला. "राग मानू नका ताई, पण तसं काही असेल, म्हणजे ते नसतीलच, तर दाखला जोडा. तुमच्या नावावर करून घेऊ. लगेच होतं."

दाखला घरी कपाटात होता.

"नको," मी म्हणाले. "ते येतील." आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायले. ऑक्टोबरचं ऊन फार वाईट. माणूस काहीही बोलतो.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा ओमकार लांबूनच विचारायचा, "आले का?" मी "अजून नाही" म्हणायचे. एकदा त्यानं विचारलं, "बुद्धगयेला वगैरे गेलेत का?" मी मान हलवली. ती कोणत्या दिशेनं हलली, हे मी त्याच्यावर सोडलं.

पण शेवंती कचेरीसाठी थांबणार नव्हती. कुंड्या रोज आत-बाहेर करायला आमच्या कंबरा आता तयार नव्हत्या, तेव्हा अंधार अंगणातच करायचं ठरलं. अंधार करणं हे उजेड करण्यापेक्षा किती अवघड आहे, याची लोकांना कल्पना नसते. उजेडाला एक बटण पुरतं. अंधाराला आईचे काळे परकर लागले, छत्री लागली, फ्रिजचं खोकं लागलं, आप्पांचा कारखान्यातला रेनकोट लागला. रोज दिवा लागायच्या आत एकेका कुंडीवर हे सगळं चढवायचं, फटी बुजवायच्या, सकाळी काढायचं. एक दिवसही चुकवायचं नाही. पुस्तकाची सक्त ताकीद होती.

आता बाहेरून हे कसं दिसतं याचा मी विचार केला नव्हता. दुःखातलं घर. दोन बायका. तिन्हीसांजेला अंगणात येतात, काळ्या कपड्यांनी काहीतरी झाकतात, एकमेकींशी कुजबुजतात, घाईनं आत जातात. सकाळी पुन्हा येतात, झाकलेलं उघडतात, वाकून निरखून बघतात आणि निराश होतात.

"जागू," गंगाबाई एकदा कुंपणावरून मला म्हणाल्या, "खरं सांग. करनी काढताय का करताय?"

"गंगाबाई, आम्ही फूल आणतोय."

"परकरातनं?"

दोन दिवसांनी आमच्या फाटकाशी कुणीतरी लिंबू-मिरच्या टांगून गेलं. आमच्यापासून आळीचं रक्षण व्हावं म्हणून. लिंबू चांगलं रसाळ होतं, आईनं सरबत केलं. त्यानं प्रकरण जास्तच चिघळलं.

आणि मग विहार समितीचे अध्यक्ष पांडूमामा आले. पांढरा सदरा, हातात काठी, चेहरा असा की बोलायचं तर आहे पण बोलवत नाही. ते आप्पांचे जुने मित्र. आल्या आल्या त्यांनी फोटोला हात जोडले, पाणी मागितलं आणि छताकडे बघत म्हणाले, "पोरी, बावीस प्रतिज्ञा तुझ्या बापानं माझ्याकडनं पाठ करून घेतल्यात. ऊन-पावसात, सायकलवर डबलसीट बसवून."

"माहीत आहे, मामा."

"आणि त्याच्याच अंगणात हे?" त्यांनी काठीनं अंगणाकडे दाखवलं. "आपण काय सोडून आलो, गं? लोक मला विहारात विचारतात. मी काय तोंड दाखवू?"

मी पुस्तक आणलं. शेवंती, रात्र, कळी, खांबावरचा दिवा, सगळं नीट समजावून सांगितलं. ग्रंथपाल म्हणून इतकं मन लावून माझं आजवर कुणी ऐकलेलं नाही. पांडूमामा काठीवर हनुवटी ठेवून ऐकत राहिले.

"म्हणजे त्या दिव्यानं झाडाला झोप लागत नाही?"

"हो."

"मग आधी नाही का सांगायचं!" ते उसळून म्हणाले. "मला तरी कुठं लागते! माझी खिडकी बरोबर त्याच्या तोंडासमोर आहे. जगदीशला कसं सांगायचं म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो."

त्या रविवारी वंदना झाल्यावर पांडूमामांनी विहारात शेवंतीवर भाषण केलं. मी नव्हते, पण ऐकलं ते असं की, त्यात विज्ञान होतं, प्रज्ञा होती, आणि शेवटी दिव्याचा निषेध होता. त्याचा परिणाम एवढाच झाला की आळीत दोन पक्ष पडले. ज्यांच्या खिडक्या दिव्याकडे होत्या ते अंधारवाले, आणि ज्यांना उशिरा कामावरून यायचं असे ते उजेडवाले. उजेडवाले म्हणत, जगदीशभाऊंनी आणलेला दिवा जगदीशभाऊंच्याच मुलीनं विझवावा, हे बरं दिसत नाही. अंधारवाले म्हणत, जगदीशभाऊंचीच शेवंती आहे, त्यांची इच्छा मोठी. दोन्ही पक्ष आप्पांच्या नावानं भांडत होते आणि दोन्ही पक्ष चहाला आमच्याकडेच येत होते. सहा वाजले की मी परकर घेऊन उठत होते.

नोव्हेंबरच्या शेवटी एकदा आई लोधिवलीला तिच्या बहिणीकडे गेली होती आणि मी खोपोलीहून येताना वाटेत अडकले. पुढे कंटेनर आडवा झाला होता. रिक्षा हलेना, सूर्य मात्र हलत होता. इतक्या दिवसांची मेहनत, आणि एक संध्याकाळ चुकली तर झाड पुन्हा पानांकडे वळायचं! नाइलाजानं मी गंगाबाईंना फोन लावला.

"गंगाबाई, झाडं झाका. परकर ओट्यावर आहेत."

"मी?" पलीकडून किंचाळी आली. "त्या करनीला मी हात लावू? माझी नातवंडं हायत!"

"गंगाबाई, आप्पांसाठी."

फोन बंद झाला. रेंज गेली की गंगाबाई गेल्या, कळलं नाही. मी घरी पोचले तेव्हा दिवा केव्हाचा लागला होता. धावतच फाटक उघडलं. कुंड्यांवर परकर नव्हते. परकरांना हात लावायला गंगाबाई धजल्या नव्हत्या. त्यांनी त्यांच्या घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या आणून कुंड्यांवर चढवल्या होत्या, कडा विटांनी दाबल्या होत्या, आणि दिव्याकडे पाठ करून त्या स्वतः मध्ये बसल्या होत्या.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "आत्ताच निजल्यात."

डिसेंबरात कळ्या आल्या. मोहरीएवढ्या; पण कळ्याच. आईनं चष्मा पुसून खात्री केली. मग त्यांच्यावर मावा आला. मग गंगाबाईंनी सुचवलेलं तंबाखूचं पाणी आलं. त्यानं मावा गेला, कळ्याही गेल्या, आणि एकाच झाडावर काही उरल्या. त्या उरलेल्यांना पुढे कुणी सल्ला द्यायचा नाही, असं मी आळीला बजावलं. जानेवारीत, स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी, त्यातल्या तीन उमलल्या.

वर्षभराच्या खटाटोपाचं फळ शर्टाच्या बटणाएवढं होतं. पाकळ्या एका बाजूला होत्या, दुसऱ्या बाजूला नव्हत्या. मला ते फार सुंदर वाटलं. गंगाबाईंनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हायच की!"

स्मृतिदिनाला मी ती तीन फुलं वाटीत पाणी घालून आप्पांच्या फोटोपुढे ठेवली. आणि मग नातेवाईक यायला लागले. आप्पांना शेवंतीचं वेड होतं हे सगळ्यांना माहीत. बेलापूरच्या काकांनी पनवेलहून शेवंतीचा हार आणला. कर्जतच्या आत्यानं हार आणि वर टोपलीभर सुटी फुलं आणली. कारखान्यातल्या मित्रांनी मिळून इतका जाड हार आणला की तो दोघांनी धरला होता. पिवळी, पांढरी, जांभळी, एकेक फूल बशीएवढं. भन्तेजींची वंदना सुरू व्हायच्या आत आप्पा चष्म्यापर्यंत शेवंतीत बुडले होते. माझी वाटी कुठे होती, ते मलाही सांगता येईना.

"बघ, किती शेवंती!" आत्या माझा हात धरून म्हणाली. "मन भरलं असेल त्याचं."

मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? हसू येत होतं आणि ते आवरायला मी ओठ घट्ट मिटले होते. पांडूमामा मात्र गुडघ्यावर बसून त्या ढिगाऱ्यात हात घालून वाटी शोधत होते आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "विज्ञान कुठं गेलं?" असं म्हणत होते.

वंदना झाली. जेवणाची पानं मांडायची गडबड चालली होती. तेवढ्यात फाटकाबाहेर शिडी आपटल्याचा आवाज आला. कचेरीचा वायरमन, नामा. अंगणातला मांडव बघून त्याला आनंद झाला.

"काय, वाढदिवस?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता खिशातून कागद काढला. "ओमकारसाहेबांनी तुमचं काम करून घेतलं बघा. नव्या साहेबांची सही झाली. दिवा बंद करायची ऑर्डर हाय."

अंधारवाल्यांत आनंदाची लाट उसळली. उजेडवाले पानावरून उठले. "आजच्या दिवशी तरी नको," एक म्हणाला. "आजच पाहिजे," दुसरा म्हणाला. गंगाबाई हातात पळी घेऊन मध्ये उभ्या राहिल्या. "आधी जेवा रं, मग भांडा."

"थांबा थांबा," नामा शिडी खांबाला टेकवून म्हणाला. "एक अट हाय. अर्जदारांनी समोर येऊन सांगायचं, मगच हात लावायचा. जगदीशभाऊ कोण? बुद्धगयेहून आले का?"

नामा मांडवात एकेका म्हाताऱ्याच्या तोंडाकडे आशेनं बघत होता. आई भाताचं पातेलं घेऊन दारात थांबली होती. पांडूमामांनी तोंड उघडलं. मी हात वर केला आणि ते थांबले.

"नसले आले तर हरकत नाय," नामा समजुतीनं म्हणाला. "मी परत येईन. कधी येतील ते फक्त सांगा."

'सांगितलं नाही' हे शब्द तोंडात तयार होते. ऑक्टोबरपासून ते माझ्या फार उपयोगी पडले होते. मी फाटकापर्यंत गेले. तिथे दुपारचं ऊन होतं. मागे अख्खी आळी उभी होती, आणि माझा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच मोठा निघाला.

"येणार नाहीत, नामाभाऊ," मी म्हणाले. "आप्पा वारले."